पाठ वर, आकडा डावीकडे

१

शंभर मळक्या नोटांच्या एका पुडक्यात तेरा नोटा खोट्या निघाल्या, पुडक्याच्या कागदी पट्ट्यावर सही भाचीची होती, आणि तेवढ्यावर बँकेच्या सगळ्या शाखेने त्या कॅशियर पोरीला चोर ठरवून घरी बसवलं.

मावशीला याचा नऊ दिवस पत्ता नव्हता. भाची रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायची, दिवसभर वाचनालयात बसायची आणि सहा वाजता बँकेतून आल्यासारखी घरी यायची. दहाव्या दिवशी तिने डबा उचलला नाही. एक टाइप केलेला कागद मावशीपुढे ठेवला आणि रडायला लागली.

कागदावर लिहिलं होतं: खजिन्याला पाठवलेल्या पुडक्यातल्या तेरा खऱ्या नोटा मीच काढल्या आणि त्या जागी खोट्या ठेवल्या. रक्कम भरून देते. मला क्षमा करावी. खाली सहीची जागा मोकळी होती.

"मॅनेजर म्हणाले, आज पाचपर्यंत सही केलीस तर प्रकरण शाखेतच मिटवतो. नाही केलीस तर पोलीस."

"तू केलंस हे?"

"मावशी!"

"मग सही कसली करतेस, कपाळ? आधी चोर म्हणून लिहून द्यायचं आणि मग साव म्हणून हिंडायचं, असं कधी झालंय? या कागदावर सही झाली की नोकरी गेली, आणि पुढे जन्मात कोणी तुला चार आण्यांच्या गल्ल्यावर बसवणार नाही."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बहीण गेली तेव्हा ही पोर चार वर्षांची होती. तिला कडेवर घेऊन मावशीने एकतीस वर्षांपैकी निम्मी नोकरी काढली होती, आणि ती नोकरीही कुठली, तर मुख्य खजिन्यातल्या नोट तपासणीच्या टेबलावरची. नोट अंगठ्याखालून गेली की खरी का खोटी ते मावशीला डोळे मिटून कळायचं. तिच्या हाताखाली शिकायला येणाऱ्यांनी नोट वेडीवाकडी ठेवली की ती बोटांवर लाकडी फूटपट्टी हाणायची. म्हणून खजिन्यात तिचं नाव पडलं होतं फूटपट्टीबाई. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, फूटपट्टी कपाटात गेली, पण राग काही निवृत्त झाला नव्हता.

"चप्पल घाल," ती म्हणाली. "तो कागद दे इकडे. आणि रडणं बंद. रडायचंच तर सगळं आटपल्यावर रड."

२

मॅनेजर फार गोड माणूस. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, मऊ आवाजाचा. उठून उभा राहिला, खुर्ची ओढून दिली, पाणी मागवलं. त्याच्या शेजारी मुख्य कचेरीतून आलेला तरुण तपासनीस बसला होता. त्याला सहाची गाडी पकडायची होती आणि ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"मावशी, मला तर पोरीची दया येते," मॅनेजर म्हणाला. "लहान वय आहे. होते चूक. तेरा नोटांचाच प्रश्न आहे, भरून टाका, मी सांभाळून घेतो."

"चूक केली तिने, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सही तिची, शिक्का तिचा. आता मी काय बोलणार? मी कर्जखात्यात वाढलेला माणूस. नोटांच्या टेबलावर कधी बसलो नाही. त्यातलं मला ओ की ठो कळत नाही."

"मग न कळता लेकराला फासावर चढवायला निघालात?"

"तुमच्यासारख्या अनुभवी बाईंना मी काय सांगावं? पण पैसे भरले, की..."

"पैसे हवेत ना? घ्या!" मावशीने पर्स उघडली, कालच काढलेलं पेन्शन मुठीत धरलं आणि टेबलावर भिरकावलं. नोटा टेबलावर, खुर्चीखाली, तपासनिसाच्या बुटांवर, सगळीकडे पसरल्या. "मोजून घ्या आणि माझ्या पोरीचं नाव सोडा! सोडताय? नाही ना? मग पैशाची भाषा बोलायची नाही!"

तपासनीस दचकून मागे सरकला. मॅनेजर मात्र हसतमुखाने खाली वाकला. "असू दे, असू दे. आईच्या मायेने बोलताय तुम्ही." त्याने एकेक नोट वेचली, चळत टेबलावर दोनदा ठोकून सारखी केली आणि घडी न पाडता मावशीच्या हातात दिली. मावशीने न बघताच ती पर्समध्ये कोंबली.

"ते पुडकं दाखवा मला," ती तपासनिसाला म्हणाली. "एकतीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही."

"तपासणी झालीय, बाई," मॅनेजर घाईने म्हणाला.

तपासनीस मात्र तिच्याकडे टक लावून बघत होता. "मुख्य खजिन्यात होतात तुम्ही? फूटपट्टीबाई म्हणजे तुम्हीच की काय?"

"मीच. तुम्हाला नाही ना मारली कधी?"

"माझ्या साहेबांना मारलीय," तो म्हणाला, आणि त्याने कपाटातून पुडकं काढलं.

३

पुडकं खजिन्याकडून जसंच्या तसं परत आलं होतं. खोट्या नोटा त्यांच्या जागीच होत्या. फक्त प्रत्येकीला एक लाल चिठ्ठी डकवली होती.

मावशीने पहिल्या लाल चिठ्ठीवर अंगठा ठेवला आणि तोंड वाकडं केलं. कसली ही नोट! खरा कागद सुती असतो, कितीही मळला तरी आत ताठपणा राहतो. हा नुसता छापखान्यातला कागद, चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारा केलेला. खरी नोट घडीवर मळते, कोपऱ्यावर झिजते, जिथे माणसांची बोटं लागतात तिथे काळी पडते. ही सगळीकडे सारखीच पिवळी. अक्षरांना उठाव नाही, धागा म्हणून नुसती रेघ. आंधळ्याने पकडली असती.

"असली टाकाऊ नोट बाजारात पानवालाही घेणार नाही," ती म्हणाली. "पण मळक्या नोटांच्या पुडक्यात कोण बघतं? खजिन्यात गेली की दहांतलं एखादं पुडकं उघडतात आणि बाकीची सरळ कातरयंत्रात. भुगा! खोटी नोट चालवायचीच नव्हती त्याला. ती नष्ट करण्याचं काम सरकारच करणार होतं, आणि खरी नोट याच्या खिशात. मळकी असली म्हणून काय झालं, बाजारात चालतेच की. वा रे डोकं!"

"म्हणजे चोर आतला," तपासनीस म्हणाला.

"आतलाच. बाहेरच्याला एवढं कुठलं माहीत?"

मग तिने पुडकं पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश चाळलं. खऱ्या सत्त्याऐंशी नोटा कशाही होत्या, कोणी उलटी, कोणी सुलटी, कोणाचं डोकं खाली. आजकाल यंत्र मोजतं, यंत्राला नोट कशीही चालते, त्यामुळे भाचीच्या पिढीला नोटा लावायची सवयच नाही. खोट्या नोटा मात्र पुडक्यात तेरा वेगवेगळ्या जागी असूनही एकजात एकाच तऱ्हेने ठेवलेल्या होत्या. पाठ वर. पाठीवरचा मोठा आकडा डाव्या हाताला.

मावशीचा हात थबकला.

सगळं जग नोटेचं तोंड वर ठेवतं. पाठ वर ठेवणारं टेबल तिला ठाऊक होतं ते एकच. मळ आधी पाठीवर दिसतो म्हणून पाठ वर, आणि डावा अंगठा आकड्यावर ठेवला की उजवा हात कागद चाचपायला मोकळा, म्हणून आकडा डावीकडे. ही रीत तिची स्वतःची होती. फूटपट्टी मारून मारून तिने ती लोकांच्या बोटांत घातली होती. ती निवृत्त झाली तेव्हाच ते टेबलही मोडलं. या गावात आता ती रीत एकाच घरात उरली होती, आणि ते घर तिचं होतं.

४

जिन्याच्या कोपऱ्यात तिने भाचीचा दंड पकडला.

"खरं सांग. लहानपणी माझ्या मांडीवर बसून नोटा लावायचीस. पाठ वर, आकडा डावीकडे. आठवतं?"

"मला? मला एवढंच आठवतं की तू माझ्या खाऊच्या पैशांवरही पट्टी घेऊन बसायचीस. मी तेव्हाच ठरवलं होतं, मोठी झाले की पैसे चुरगळून ठेवीन." भाचीने दंडाला हिसका दिला. "तूही? सगळे म्हणाले तेव्हा चाललं. तूही म्हणतेस?"

मावशीने दंड सोडला. तिला स्वतःचाच संताप आला. पण नुसत्या विश्वासाने पोर सुटणार नव्हती. ती परत आत गेली आणि पुडकं उजेडाला धरून कडेने बघायला लागली. हे तिने आधीच बघायला हवं होतं.

"इकडे या," तिने तपासनिसाला बोलावलं. "मळक्या नोटा फुगलेल्या असतात. पट्टा ओढून चिकटवला की तो नोटांच्या कडांत रुततो, दोन्ही बाजूंना बारीक खाच पडते. बघा, सत्त्याऐंशी नोटांना खाच आहे. लाल चिठ्ठीवाल्यांना आहे?"

त्याने तेराही तपासल्या. "एकीलाही नाही."

"का नाही? तर पट्टा आवळला तेव्हा त्या आत नव्हत्याच. आठ-दहा दिवस ढिगाखाली दबल्या की नोटा बसतात, पट्टा ढिला पडतो. मग एक काढायची, एक सरकवायची. पट्ट्याला धक्का नाही, सहीला धक्का नाही. हे काम पट्टा चिकटवल्यावर आठवडाभराने झालंय. तेव्हा पुडकं कुठे होतं?"

"खाली. स्ट्राँगरूममध्ये."

"आणि माझी पोरगी संध्याकाळी पुडकं हेड कॅशियरच्या हवाली करते, ते परत तिच्या नजरेलाही पडत नाही. खालच्या दोन किल्ल्या कोणाकडे?"

"एक हेड कॅशियरकडे, एक मॅनेजरकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही."

मॅनेजरने मान हलवली. "अरेरे! म्हणजे आमचा हेड कॅशियर? पण मी तर दार उघडून देतो आणि वर येतो. खाली तो आणि पुडकी बांधणारा, दोघंच."

साडेतीन वाजले होते.

५

पुडकी दहा-दहाच्या गठ्ठ्यात बांधणाऱ्याला सगळे सुतळीभाऊ म्हणत. तो खालच्या बोळात स्टुलावर बसून गाठी मारत होता.

"मी बांधतो, बाई. सोडत नाही," तो म्हणाला. "आणि मी आत जातो ते महिन्यातून एकदा, गाडी यायच्या आदल्या दिवशी."

"आणि हेड कॅशियर?"

सुतळीभाऊने दाताने सुतळी तोडली आणि इकडेतिकडे पाहिलं. "ते कुठले येतात खाली! चौदा पायऱ्या आहेत. त्यांचा गुडघा बघितलात? हे मी बोललो नाही हं."

हेड कॅशियर वर त्याच्या जाळीमागे बसला होता. चिडका, खडूस, कोणाशी धड न बोलणारा. मावशीला बघून त्याने तोंड फिरवलं. तिने काउंटरवरच्या मळक्या नोटांची चळत त्याच्यापुढे सरकवली.

"यंत्र न लावता मोजून दाखवा."

"परीक्षा घ्यायला आलात?"

"हो. मोजा!"

त्याने कुरकुरत मोजायला घेतलं. मोजता मोजता उलट्या नोटा सुलट्या करत गेला. प्रत्येकीचं तोंड वर. मावशीने शेवटपर्यंत बघितलं आणि मग हळूच विचारलं, "तुमची किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्या कमरेला!"

"गुडघा सुजलेला, पायऱ्या चौदा. किल्ली कोणाबरोबर खाली जाते? खोटं बोललात तर माझ्या भाचीच्या जागी तुम्ही असाल, एवढं लक्षात ठेवा."

त्याचा चेहरा पांढरा पडला. मग तो एकदम उसळला, "वर्षभर देतोय मी किल्ली! मॅनेजरला! जेवणाच्या सुट्टीत तो जातो आणि पुडकी ठेवून येतो. 'तुम्ही कशाला त्रास घेता' म्हणाला. नियम मोडला मी, कळतंय मला! दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला, पेन्शन जाईल माझं! हे प्रकरण निघाल्यापासून किल्ली नाही दिलेली मी त्याला, रोज मागतो तरी."

"आणि हे पोटात ठेवून तुम्ही नऊ दिवस पोरीचे हाल बघत बसलात?" मावशीचा हात शिवशिवला. फूटपट्टी घरी राहिली, हे त्याचं नशीब.

पण तपासनीस खांदे उडवून म्हणाला, "याचा शब्द एक, मॅनेजरचा शब्द दुसरा. मॅनेजर म्हणेल, स्वतःच्या कातडीसाठी बोलतोय."

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. मावशी मटकन बाकावर बसली. समोर चहावाला कप घेऊन उभा होता, तो तिने नको म्हणतानाच घेतला आणि पैसे द्यायला पर्स उघडली.

पर्समध्ये पेन्शनच्या नोटा होत्या. सकाळी तिने त्या भिरकावल्या होत्या, सगळीकडे पसरल्या होत्या, आणि नंतर तिने त्यांना हातही लावला नव्हता.

पहिली नोट पाठ वर. दुसरी पाठ वर. तिसरी, चौथी, पाचवी. प्रत्येक आकडा डावीकडे.

"अरे मेल्या!" मावशी मोठ्याने म्हणाली. चहावाला दोन पावलं मागे सरला.

६

"स्ट्राँगरूम उघडा," मॅनेजरच्या खोलीचं दार ढकलत ती म्हणाली. तिच्यामागे तपासनीस, हेड कॅशियर आणि भाची होती.

"असं कसं उघडणार? नियम आहेत..."

"नियम!" हेड कॅशियर ओरडला आणि त्याने कमरेची किल्ली काढून टेबलावर आपटली. तपासनिसाने मॅनेजरपुढे हात पसरला. दुसरी किल्ली द्यावीच लागली.

पुढच्या गाडीची पुडकी खाली तयार होती. सुतळीभाऊने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची गाठ सोडली. दोन नंबरच्या काउंटरवरच्या कॅशियरची सही असलेल्या, पट्टा ढिला पडलेल्या पुडक्यात सात खोट्या नोटा सापडल्या. सात वेगवेगळ्या जागी. खाच एकीलाही नाही. पाठ वर, आकडा डावीकडे. भाचीचा या पुडक्याशी काडीचा संबंध नव्हता.

"हे हेड कॅशियरचंच काम," मॅनेजर म्हणाला. त्याचा मऊ आवाज आता चिरका झाला होता.

"तो तोंड वर ठेवतो. आत्ताच तीनशे नोटा मोजायला लावल्यात त्याला," मावशी म्हणाली. तिने पर्समधून पेन्शनच्या नोटा काढल्या आणि पंख्यासारख्या न पसरता, होत्या तशाच टेबलावर ठेवल्या. "आणि या सकाळी जमिनीवरून कोणी गोळा केल्या? तपासनीस साहेब, तुमच्या पायाशी पडल्या होत्या ना? कोणी वेचल्या?"

"मॅनेजरनी," तपासनीस म्हणाला. त्याने वरच्या पाच-सहा नोटा उलटून पाहिल्या आणि फोन लावला. मुख्य कचेरीत कोणीतरी जुनी नोंद काढेपर्यंत तो फोन कानाला धरून राहिला. मग त्याने फोन ठेवला. "कर्जखात्याच्या आधी सहा महिने. मुख्य खजिना, नोट तपासणी. सत्तावीस वर्षांपूर्वी. तुम्ही तर म्हणालात, नोटांच्या टेबलावर कधी बसलोच नाही."

मॅनेजरने घाम पुसला. "सहाच महिने होतो मी, बाई. तेव्हा केस होते मला. तुम्ही ओळखणार नाही म्हणून..."

"चेहरा नाहीच ओळखला. तुझ्यासारखे छप्पन्न आले आणि गेले. हात ओळखला." मावशी टेबलाशी आली. "जित्याची खोड! प्रत्येक खोटी नोट सरकवताना आधी नीट लावलीस. माझी पट्टी अजून बोटांत आहे तुझ्या. अरे, नोटा खोट्या केल्यास, त्याचं सरकार बघेल. पण ही पोर नऊ दिवस डबा घेऊन रस्त्यावर हिंडली, आणि तू तिला पाणी देऊन म्हणत होतास, दया येते! गोड बोलून गळा कापायला तुला कोणी शिकवलं? मी नाही शिकवलं ते."

तपासनिसाने पोलिसांना फोन लावला. सहाची गाडी तो विसरलाच होता.

भाची भिंतीला टेकून उभी होती. मावशीने सकाळचा घडी केलेला कागद पदरातून काढला, उलगडला, मॅनेजरपुढे सरळ ठेवला आणि शेजारी पेन ठेवलं.

"मजकूर तूच टाइप केलायस. 'तेरा खऱ्या नोटा मीच काढल्या.' शब्दन् शब्द बरोबर आहे. सहीची जागा मोकळी आहे, आणि पाच वाजायला अजून सहा मिनिटं आहेत," ती म्हणाली. "फक्त तेरा खोडून वीस कर."